मधली रेघ

पडद्याच्या मधोमध एक काळी रेघ,
बोटभर रुंद.
डावीकडे बहीण, उजवीकडे भाऊ.
आपण शेजारी आहोत
हे दोघांनाही माहीत नाही.

वाल्पाराइसोच्या टेकडीवर दोन लाकडी डबे आहेत
एकाच दोराला बांधलेले, रहाटाच्या पोहऱ्यांसारखे.
एक वर यायचा तर दुसऱ्याला खाली जावंच लागतं.
हिमेनाला सिनेमा तिथंच सापडला,
तिकीट काढून परत पैसे मोजताना.

नियम तिचे:
दोन कॅमेरे एकदम सुरू, एकदम बंद.
मधली चौऱ्याहत्तर मिनिटं कात्रीला हात लावायचा नाही.
करपलं तर करपलेलंच वाढायचं.

मी आवाजाची बाई.
डोळ्यांना दोन चौकटी चालतात,
कान मात्र एकाच घरी जेवतो.
दोघं एकदम बोलले की
कोणाला पुढं करायचं, कोणाला भिंतीआड ढकलायचं
ते माझ्या बोटांखालच्या दोन खुंट्यांवर.
आयुष्यात एवढी सत्ता मला कुणी दिली नव्हती,
आणि सात दिवस मी ती चुकीचीच वापरली.

गोष्ट साधी होती.
बहिणीनं बापाची होडी विकलीय.
ती वरून निघालीय, सांगायला.
भाऊ बंदरातून निघालाय
होडीसाठी रंगाचा डबा घेऊन.
उतारावर मधोमध डबे एकमेकांशेजारून जातात,
काचेतून ते एकमेकांना बघतात, वीस सेकंद,
ती वर गेलेल्याला शोधत पुन्हा वर,
तो खाली गेलेलीला शोधत पुन्हा खाली.
पहिल्या दिवशी कुत्रं मधे आलं.
चौथ्या दिवशी लाउतारो वाक्य विसरला
आणि तेच वाक्य चांगलं निघालं,
पण तोवर ओर्तेन्सियाच्या नाकातून रक्त.

आठव्या दिवशी सहा बेचाळीसला
टेकडीची वीज गेली.

डबे थांबले,
एकमेकांपासून दहा-बारा हात अलीकडं.
कॅमेरे बॅटरीवर, चालूच.
हिमेना पायऱ्यांवरून धावत, शिव्या देत,
शिव्या मला ऐकू येत होत्या, त्यांना नाही.
एक मिनिट.
चार.
डाव्या चौकटीत ओर्तेन्सियानं पिशवीतून संत्रं काढलं
आणि सोलायला लागली. संत्रं तिचं स्वतःचं,
दुपारी खायचं राहिलेलं.
उजवीकडं लाउतारोनं किल्लीनं झाकण उचकटलं,
वास घेतला.

मग ती काचेची झडप खाली ओढून ओरडली,
जे कुठंच लिहिलेलं नव्हतं:
‘रंग कुठला आणलास रे?’
‘निळा.’
तिनं एक फोड तोंडात घातली.
चावली. गिळली.
‘छान,’ म्हणाली.

मी दोन्ही खुंट्या खाली ओढल्या.
राहिली फक्त दोराची कुरकुर,
वरच्या चाकापासून खालच्या डब्यापर्यंत
एकच.
रेघ पडद्यावर होती.
दोराच्या आवाजात ती कुठं घालायची
मला सुचलं नाही, अजूनही.

अकरा मिनिटांनी वीज आली. ते एकमेकांशेजारून गेले.
ती काहीच बोलली नाही.
हिमेना महिनाभर म्हणत होती, सिनेमा बुडाला.

पहिला खेळ कोळ्यांच्या संघटनेच्या हॉलमध्ये,
चादरीवर, चादरीला इस्त्री नाही.
दोन्या मिर्ता मला दारात धरून विचारत होती,
‘ती का नाही बोलली? मी सगळा वेळ त्याच्याकडंच बघत होते,
तो रंगाचा डबा सांडेल म्हणून.’
शेजारची दोन्या एल्विरा म्हणाली,
‘कसला डबा?’

मी यंत्र आवरत होते, उत्तर दिलं नाही.
दोघी पायऱ्या उतरू लागल्या,
एकमेकींना आपापली बाजू सांगत.
वाटेत दिव्याचा खांब आला.
एक डावीकडून गेली, एक उजवीकडून,
आणि पलीकडं निघाल्यावर
मिर्ता म्हणाली, ‘हां, मग संत्रं?’